तीन चाकांची मोटरसायकल: कोणी घ्यावी, कशी चालवावी

कृष्णाकाठ

सांधेरोपणाच्या धाग्यावर मी तीन चाकी मोटरसायकलचा उल्लेख केला आणि तिथे त्यावरच प्रश्न सुरू झाले. मूळ विषय भरकटायला नको म्हणून हा धागा वेगळा काढतेय.

सांगलीत लुना, मग एम-८०, आणि इथे कॅलिफोर्नियात आल्यावर बरीच वर्षं ट्रायम्फ बॉनव्हिल. डावा गुडघा बदलल्यावर लक्षात आलं की गाडी पळत असताना गुडघ्याला काहीच त्रास होत नाही. त्रास होतो तो गाडी थांबली की. चढावरचा सिग्नल, रस्ता एका अंगाला उतरता, आणि सव्वादोनशे किलोचं वजन डाव्या पायावर तोलून धरायचं. डॉक्टरांनी गाडी सोडा असं सांगितलं नव्हतं, पण ते तोलणं पायाला मानवेना. म्हणून बॉनव्हिल विकली आणि कॅन-अ‍ॅम स्पायडर आरटी घेतली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: पुढे दोन चाकं, मागे एक. क्वेबेकमधली बीआरपी कंपनी २००७ पासून ही बनवते. बर्फावर चालणाऱ्या स्की-डू गाड्याही त्यांच्याच. १३३० सीसीचं तीन सिलिंडरचं रोटॅक्स इंजिन, रिव्हर्स गिअर, पुढच्या बाजूला डिकी. वजन साडेचारशे किलोच्या वर आणि रुंदी दीड मीटर. क्लच नाही. गिअर डाव्या अंगठ्याने वर टाकायचा, तर्जनीने खाली आणायचा. वेग उतरला की तो आपोआपही खाली येतो. डाव्या पायाला कामच नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

आता मुख्य मुद्दा. "वय झालं की तिसरं चाक, म्हणजे पडायची भीती नाही," असं बरेच जण बोलतात. मला हे धोक्याचं वाटतं. ही दुचाकीची सोपी आवृत्ती नव्हे. हे वेगळं वाहन आहे, नव्याने शिकावं लागतं, आणि दुचाकीवर हात जितका मुरलेला तितकं सुरुवातीला जास्त जपावं लागतं.

याचं कारण हँडल. दुचाकीने जरा वेग घेतला की डावीकडे वळताना आपण डावी मूठ किंचित पुढे ढकलतो. पुढचं चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे कलते आणि वळते. आपण असं करतो हे बहुतेकांच्या गावीही नसतं, हात परस्पर करून मोकळे होतात. स्पायडर कलत नाही. तिथे डावी मूठ ढकललीत तर गाडी उजवीकडे जाते. मोकळ्या मैदानात हे दोन मिनिटांत कळतं. पण समोर अचानक कुत्रं आलं की विचार करायला वेळ नसतो, तेव्हा हात जुनंच करायला जातात, आणि जुनं म्हणजे बरोबर उलटं.

दुसरा ब्रेक. उजव्या मुठीला लिव्हरच नाही. उजव्या पायाखाली एकच ब्रेक, तिन्ही चाकांना मिळून. सुरुवातीचे कित्येक आठवडे माझी उजवी बोटं नसलेला लिव्हर शोधत होती.

तिसरं वळण. दुचाकी कलली की आपलं वजन सीटमध्ये दाबलं जातं, अंगाला वळण जाणवतच नाही. इथे अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. वळणाच्या आधी वेग उतरवायचा, कंबरेतून आत झुकायचं, बाहेरच्या पायाने फूटरेस्ट दाबून धरायचं. डोंगरातल्या रस्त्यावर दिवसभर चालवली की संध्याकाळी खांदे आणि दंड बोलतात.

कॅलिफोर्नियात कारच्या लायसन्सवर तीन चाकी मोटरसायकल चालवता येते. वॉशिंग्टन राज्यात मात्र तीन चाकीसाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते. मला वॉशिंग्टनची पद्धत बरोबर वाटते. मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा तीन चाकींसाठी स्वतंत्र बेसिक कोर्स आहे. कायद्याने मागितला नाही तरी तो करा.

घाटवाट

ताई, उत्तम धागा. मी पुण्याचा, बुलेटवाला, ताम्हिणी-वरंध माझे पाठ आहेत. येत्या मे महिन्यात मुलाकडे सॅन होजेला येतोय आणि समुद्रकाठच्या हायवे १ वर अशी गाडी भाड्याने घेऊन फिरायचा बेत आहे. पत्नी मागे असेल. तिला बुलेटवर कंबरेचा त्रास होतो म्हणूनच हा विचार.

दोन प्रश्न. कलण्यातला आनंदच गेला तर मग उरतं काय? आणि तीन चाकं असताना गाडी उलटू शकते का?

त्रिकोण

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. हो, उलटू शकते. तीन चाकं जमिनीला टेकतात ते तीन बिंदू जोडा. त्रिकोण होतो. गाडी आणि माणसं यांच्या वजनाचा रोख त्या त्रिकोणाच्या आत आहे तोवर ठीक, बाहेर गेला की आतल्या बाजूचं चाक उचलतं.

पुढे एक, मागे दोन अशी रचना म्हणजे आपली रिक्षा. हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइडही तशीच. वळणात जोरात ब्रेक मारला की वजन पुढे आणि बाहेर जातं, आणि त्या कोपऱ्यात चाकच नसतं. रिक्षा वळणात ब्रेक मारताना कलंडते ती यामुळे. पुढे दोन, मागे एक या रचनेत त्या कोपऱ्यात चाक असतं, त्यामुळे ब्रेक मारताना ती जास्त भक्कम. तिची कमजोरी दुसरीकडे, वळणात जोरात अ‍ॅक्सिलरेटर पिळला की वजन मागे आणि बाहेर जातं, तिथे चाक नाही. म्हणून स्पायडरमध्ये बॉशची स्थिरता यंत्रणा आहे. आतलं चाक हलकं व्हायला लागलं की ती इंजिनचा जोर कापते आणि गरजेप्रमाणे एखाद्या चाकाचा ब्रेक लावते.

तीन चाकी मोटरसायकल अमेरिकेत नवी नाही, हेही नोंदवून ठेवतो. हार्लेची सर्व्ही-कार १९३२ ते १९७३ पर्यंत बनत होती. पोलीस पार्किंगच्या गस्तीला वापरत. आणि आपल्याकडे दिल्लीत दुसऱ्या महायुद्धातल्या हार्ले गाड्यांना मागे डबा जोडून केलेल्या फटफट्या नव्वदच्या दशकापर्यंत प्रवासी वाहत होत्या.

कृष्णाकाठ

त्रिकोण, धन्यवाद, मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. मागे दोन चाकं असलेल्या गाडीबद्दल एक भर घालते. तिच्यावर चालत्या गाडीतून पाय जमिनीवर टेकवायचा नाही, कधीच नाही. दुचाकीवाल्याला गाडी थांबता थांबता पाय काढायची सवय असते. इथे मागचं चाक पायाच्या रेषेत येतं आणि घोट्यावरून जाऊ शकतं. कोर्समध्ये आम्हाला पहिल्याच तासाला हे बजावलं होतं.

घाटवाट, कलण्याबद्दल. तो आनंद गेला. त्याची भरपाई होते असं मी सांगणार नाही. बॉनव्हिलवर एका वळणातून दुसऱ्या वळणात गाडी लोळवत नेण्याची जी लय होती ती स्पायडरवर मिळत नाही आणि मला तिची आठवण येते.

मिळतं ते वेगळं. गाडीखाली जमीन धरून ठेवल्याची खात्री. समुद्राकडून येणारा आडवा वारा बॉनव्हिलला लेनमधून सरकवायचा, तो हिला फारसा हलवत नाही. वळणात अनपेक्षित खडी आली तर दुचाकीवर पोटात गोळा येतो. इथे गाडी थोडी घसरते आणि पुढे जाते. सिग्नलला दोन्ही पाय वर ठेवून निवांत बसता येतं. नजाऱ्यासाठी थांबायचं तर उतार-चढ बघावा लागत नाही, पार्किंग ब्रेक लावला की झालं. मी आता जास्त ठिकाणी थांबते, कारण थांबणं त्रासाचं राहिलं नाही.

मागे बसणाऱ्याबद्दल: माझे अहो आधी माझ्या मागे बसायला नाखूश असायचे, आता स्वतःहून येतात. रुंद सीट, पाठ टेकायला जागा, चढता-उतरताना गाडी हलत नाही. पण वहिनींना आधी सांगून ठेवा की वळणात त्या बाहेर फेकल्या जातील, तेव्हा बाजूच्या हँडलला धरायचं, तुम्हाला नाही. मागच्याने चालवणाऱ्याला ओढलं तर तो ताण थेट हँडलवर येतो.

पॅरिसवारी

इथे पॅरिसमध्ये तीन चाकी स्कूटर म्हणजे रोजचंच दृश्य आहे, पण ती वेगळ्या जातीची. पियाज्जोची एमपी३, २००६ पासून आहे. पुढची दोन चाकं जवळजवळ, आणि ती दोन्ही गाडीबरोबर कलतात. म्हणजे हँडल दुचाकीसारखंच चालतं, ताईंनी सांगितलेला उलटा प्रकार इथे होत नाही. गर्दीतून वाटही काढता येते.

फ्रान्समध्ये ही लोकप्रिय व्हायचं कारण कायद्यात आहे. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर ४६० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कारच्या लायसन्सवर मोठ्या इंजिनाची गाडीही चालवता येते. म्हणून कंपनीने रुंद आवृत्ती काढली. मात्र २०११ पासून आधी सात तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. मी तेच करून ही घेतली. ओल्या दगडी फरसबंदीवर पुढची दोन चाकं जो धीर देतात तो साध्या स्कूटरवर मिळत नाही.

पण गुडघ्यासाठी म्हणून कोणी घेणार असेल तर सावध. ही आपणहून उभी राहत नाही. थांबत आल्यावर बटण दाबून कलणं लॉक करावं लागतं. लॉक केलं की पाय न टेकता उभी. बटण दाबलं नाही तर कुठल्याही स्कूटरसारखी आडवी, आणि वजन साधारण अडीचशे किलो. निघताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की बीप वाजतो आणि लॉक सुटतं. तो बीप ऐकायची सवय लागेपर्यंत पाय तयारीत ठेवावाच लागतो.

जाता जाता, याच पियाज्जोच्या आपे रिक्षा बारामतीत बनतात. इथल्या सहकाऱ्यांना हे सांगितलं की त्यांना फार नवल वाटतं.

कृष्णाकाठ

पॅरिसवारी, फार महत्त्वाचा फरक सांगितलात. यामाहाची नायकनही कलणाऱ्या जातीचीच आहे. २०१८ ची, ८४७ सीसी, पुढे दोन पंधरा इंची चाकं, ४५ अंशांपर्यंत कलते. ज्याला कलण्याची मजा हवी आणि पुढे जास्त पकडही हवी त्याच्यासाठी ती उत्तम. पण थांबली की पाय टेकावाच लागतो, म्हणून माझ्या कामाची नव्हती. विकत घेणाऱ्याने सगळ्यात आधी विचारायचं ते हेच, इंजिन बंद करून दोन्ही पाय उचलले तर ही उभी राहते का? शोरूममध्ये चकचकीत रंग आणि स्पीकर दाखवतात, हे आपल्यालाच विचारावं लागतं.

मिरजकर

ताई, तुमचा धागा दोनदा वाचला. मी लहानपणी पोलिओ झालेला माणूस, दोन्ही पायांत कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या. गेली कित्येक वर्षं साइड व्हील लावलेली स्कूटर चालवतो. तुम्ही जे तीन चाकीबद्दल लिहिलंय त्यातलं निम्मं आमच्या गाडीला तसंच्या तसं लागू आहे, आणि आपल्याकडे ते कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

आमच्या गाडीला मूळ मागचं चाक असतंच. त्याच्या दोन बाजूंना लोखंडी फ्रेमवर दोन जादा चाकं. गाडी कलत नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अपघातात पाय जाण्याआधी पट्टीचे मोटरसायकलवाले होते. साइड व्हीलची गाडी घेतल्यावर पहिल्याच वळणाला समोरच्या कट्ट्यावर गेले. मी कधीच दुचाकी चालवली नव्हती, मला काहीच उलटं वाटलं नाही. आज तुमचं हँडलचं वाचून त्याचं कारण समजलं.

आपल्याकडच्या रस्त्यांवर आणखी दोन गोष्टी. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. डावीकडून चालवताना गाडी सारखी डावीकडे ओढते, आणि उजव्या हाताने ती धरून ठेवावी लागते. सांगलीहून कोल्हापूरला गेलो की उजवा खांदा दुखतो, डावा नाही. दुसरं, मधे खोलगट असलेली जागा. दोन्ही साइड व्हील्स उंचवट्यावर चढतात आणि इंजिनची ताकद जिथे जाते ते मधलं चाक हवेत फिरत राहतं. पाऊस पडून गेल्यावर बोळाच्या तोंडाशी असा अडकलो की पायाने रेटता येत नाही, कोणाला तरी हाक मारावी लागते. खड्डा चुकवणं हा प्रकारच नाही. दुचाकी एका रेषेत जाते, आमची तीन रेषांत. एक चाक वाचवलं तर दुसरं जातं.

रिव्हर्स गिअर मी वेगळा बसवून घेतला. त्याआधी पार्किंगमध्ये कोणी मागे गाडी लावली की तिथेच बसून राहायचो. तुमच्या गाडीत तो कंपनीतूनच येतो हे वाचून बरं वाटलं, आणि आपल्याकडे का येत नाही असंही वाटलं.

कायदेवाचक

मिरजकर यांच्या शेवटच्या वाक्यावरून. याचं एक कारण कायद्यात सापडतं. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम २(२७): मोटरसायकल म्हणजे दोन चाकी वाहन, आणि त्याला जोडलेली जादा चाकाची, काढता येणारी साइडकार त्यात धरली जाते. म्हणजे साइडकारवाली बुलेट मोटरसायकल ठरते, पण मुळातच तीन चाकांवर बनवलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही. अपंगांच्या वाहनाची व्याख्या २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत कलम २(१८) मध्ये वेगळी होती आणि तिथले शब्द कडक होते: खास त्या कामासाठीच रचलेलं आणि बनवलेलं, नुसता फेरबदल केलेलं नव्हे. त्या दुरुस्तीनंतर कलम ५२ खाली फेरबदल केलेलं वाहनही अपंगांच्या वाहनात धरलं जातं. बाजारातली स्कूटर घेऊन तिला चाकं लावली की कलम ५२ खाली नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी आणि आरसीवर नोंद हे आलंच. ती नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी तेवढाच मुद्दा पुढे करू शकते.

साइड व्हील बसवून घेणाऱ्यांनी हे कागद आधी करावेत, गाडी नंतर रस्त्यावर आणावी.

मिरजकर

कागद केले आहेत साहेब, पण त्यासाठी आरटीओच्या ज्या खिडकीपर्यंत जावं लागलं तिथे पायऱ्या होत्या. कुबड्यांवर चढलो. लिहून ठेवतोय, कोणीतरी वाचेल.

कृष्णाकाठ

मिरजकरदादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. मी इथे हौस म्हणून, चालवणं सोडायला मन मानत नाही म्हणून गाडी बदलली. तुमच्यासाठी ती घराबाहेर पडायचा रस्ता आहे. स्पायडरच्या डिकीसाठी, रिव्हर्ससाठी इथे लोक जेवढी चर्चा करतात त्याच्या निम्मी जरी साइड व्हीलच्या फ्रेमवर आणि सस्पेन्शनवर आपल्याकडच्या कंपन्यांनी केली असती तर तुमचं मधलं चाक हवेत फिरलं नसतं. ही चर्चा तिथे व्हायलाच हवी. तुम्ही यावर स्वतंत्र धागा काढा. फ्रेम कशी निवडावी, रिव्हर्स कुणाकडून, कागद कसे, सगळं. हवं तर टंकायला मी मदत करते.

तीन रेषांचं तुम्ही म्हणालात ते इथेही खरं आहे. लेनच्या मध्यावर गाड्यांचं तेल ठिबकून काळा पट्टा झालेला असतो. दुचाकीवाला तो टाळून चाकोरीतून जातो. माझं मागचं चाक बरोबर त्या पट्ट्यावरूनच जातं. त्यात पाऊस. मागचा टायर २२५ रुंदीचा, कारसारखा सपाट. दुचाकीचा गोल टायर पाणी कापत जातो, हा साचलेल्या पाण्यावर तरंगू शकतो. पावसात मी वेग बराच उतरवते.

खर्चाचं दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, इथेच लिहिते. पेट्रोल लिटरला पंधरा किलोमीटरच्या आसपास, बॉनव्हिल याहून कितीतरी जास्त द्यायची. टायर तीन, मागचा सर्वांत लवकर झिजतो आणि तो बदलायची मजुरी दुचाकीपेक्षा जास्त. पुढच्या दोन चाकांचं अलाइनमेंट कारसारखं करावं लागतं. ते बिघडलं तर हायवेवर हँडल थरथरतं आणि चालवणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. आमच्या नेहमीच्या गॅरेजने गाडी हातात घ्यायला नकार दिला. ती दुरुस्त करणारे डीलर बहुतेक वेळा बर्फावरच्या आणि पाण्यातल्या गाड्यांचेही डीलर असतात, त्यामुळे हंगामात तारीख मिळत नाही. घेण्याआधी घरापासून जवळचा डीलर कुठे आहे ते बघा. आणि गॅरेजचं दार मोजा. आमच्याकडे कार आणि ही एकत्र राहत नाहीत, कार बाहेर असते.

अजून एक. कॅलिफोर्नियात थांबलेल्या गाड्यांच्या मधून वाट काढायला २०१७ पासून कायद्याने मोकळीक आहे, पण ती जमिनीला दोन चाकं टेकणाऱ्या मोटरसायकललाच. तीन चाकीने रांगेतच उभं राहायचं.

घाटवाट

खूप स्पष्ट झालं. आता ठरवलंय की हायवे १ वर थेट जायचं नाही. मुलाच्या घराजवळ आधी सराव, मग रस्ता. किती सराव पुरेसा?

कृष्णाकाठ

दिवस मोजू नका, कसोटी लावा. रविवारी सकाळी रिकामी असलेली एखादी मोठी पार्किंगची जागा गाठा. तिथे तीन गोष्टी. एक, ताशी तीस-चाळीसच्या वेगात मुलाला अचानक हात वर करायला सांगा आणि पूर्ण ब्रेक मारा. उजवी बोटं हलली नाहीत तर ठीक. दोन, तशाच वेगात त्याने ऐनवेळी दाखवलेल्या बाजूला वळवा. हात एकदाही उलटा गेला तर त्या दिवशी रस्त्यावर जाऊ नका. तीन, वहिनींना मागे बसवून गोल फेऱ्या, दोन्ही बाजूंनी. बहुतेक जणांची एक बाजू कच्ची असते.

भाड्याने देणाऱ्याला बुकिंगच्या आधीच विचारा की भारतातलं लायसन्स तीन चाकीला चालेल का, आणि उत्तर लेखी घ्या. हेल्मेट दोघांनाही लागेल. इथे तीन चाकांवरही ते सक्तीचं आहे.

आणि दक्षिणेकडे जा, म्हणजे समुद्र तुमच्या बाजूला राहील आणि थांबायच्या जागा उजव्या हाताला मिळतील. माँटरेच्या पुढे बिग सरच्या भागात दरडी कोसळून रस्ता बंद असतो असं वारंवार होतं, त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी राज्याच्या रस्ते विभागाच्या साइटवर बघा. पेट्रोल माँटरे किंवा कार्मेलला भरून घ्या, पुढे पंप कमी आणि महाग आहेत.